अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग : सांधाही जपा, शरीरही जपा

रात्रीचे दोन वाजले असतील. दवाखान्याच्या दाराची कडी जोरजोरात वाजली. दार उघडले तर तिशीतला एक तरुण भावाच्या खांद्याचा आधार घेऊन उभा होता. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले आणि गालांवरून पाण्याच्या धारा. मागे उभी असलेली त्याची पत्नी रडवेल्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना डोळेच उघडता येत नाहीत हो. झोपेतून ओरडत उठले."

तरुणाला आत घेऊन बसवले. डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखे वाटते, उजेड मुळीच सहन होत नाही, असे तो सांगत होता. व्यवसाय विचारला तर वेल्डर. निदान तिथेच झाले. कारखान्यातली मंडळी याला 'वेल्डिंग लागली' असे म्हणतात. पण त्या तरुणाला ते पटेना. "डॉक्टर, दहा वर्षं लोखंडाचं वेल्डिंग करतोय. डोळे असे कधीच गेले नाहीत," तो म्हणाला. मग अधिक चौकशी केली तेव्हा कळले की त्या दिवशी त्याने प्रथमच अ‍ॅल्युमिनियमचे काम हाती घेतले होते.

डोळे तपासून औषध दिले. तिसऱ्या दिवशी तो स्वतः चालत आला. डोळे बरे झाले होते, पण चेहरा पडलेला होता. यंत्राच्या एका ब्रॅकेटचे काम होते. सांधा मारावा, तो थंड व्हावा आणि मधोमध बारीक चीर पडावी, असे एकदा नव्हे तर सहा वेळा झाले. प्रत्येक वेळी घासून पुन्हा वेल्डिंग. चीर कुठून सुरू होते ते पाहण्यासाठी त्याने हेल्मेट वर करून, डोळे जवळ नेऊन छोटे छोटे टाके मारले. सांधा काही जमला नाही आणि डोळे मात्र गेले.

या विषयाची माहिती घ्यावी म्हणून मी माझ्या परिचयातील एका निवृत्त आय.टी.आय. निदेशकांना गाठले. त्यांनी ब्रॅकेटचा तुकडा कुठल्या पाटीतून कापला याची चौकशी करायला सांगितले. पाटी भंगारातून आणलेली होती, पूर्वी साच्याच्या कामाला वापरलेली. ते ऐकून ते हसले. "मग ती बहुतेक ७०७५ असणार. सहा वेळा काय, साठ वेळा वेल्ड केली तरी ती तडकणारच. दोष त्या पोराच्या हाताचा नव्हे, धातूचा आहे," असे ते म्हणाले.

आपल्या जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतींत लहानमोठ्या शेडमधून अ‍ॅल्युमिनियमचे काम वाढते आहे. लोखंडावर हात बसलेले कारागीर या कामाकडे वळत आहेत. म्हणून आजच्या लेखात या धातूचा स्वभाव आणि त्याचा वेल्डरच्या शरीरावर होणारा परिणाम असे दोन्ही पाहू. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, हेच मला आज मुख्यतः सांगायचे आहे.

मजबूत अ‍ॅल्युमिनियम म्हणजे काय?

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. जुन्या पातळ पातेल्याला पोचा पडतो तो त्यामुळेच. त्यात तांबे, मॅग्नेशियम, सिलिकॉन, जस्त अशा धातूंचे किंवा मूलद्रव्यांचे थोडे प्रमाण मिसळले की मिश्रधातू तयार होतो. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म या संशोधकाला एक विलक्षण गोष्ट आढळली. तांबे व मॅग्नेशियम घातलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून एकदम थंड केले आणि काही दिवस नुसते ठेवून दिले, तर ते आपोआप कठीण होत जाते. आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते धातूला बळ देतात. पुढे विमाने उभी राहिली ती याच शोधाच्या जोरावर.

आज हे मिश्रधातू चार आकडी क्रमांकाने ओळखले जातात. २००० च्या मालिकेत तांबे मुख्य, ५००० मध्ये मॅग्नेशियम, ६००० मध्ये मॅग्नेशियम व सिलिकॉन आणि ७००० मध्ये जस्त. ७०७५ या मिश्रधातूत सुमारे साडेपाच टक्के जस्त, अडीच टक्के मॅग्नेशियम आणि दीड टक्का तांबे असते. त्याची ताकद साध्या पोलादाच्या तोडीची, पण वजन जवळजवळ एकतृतीयांश. अशा धातूचा मोह कोणाला पडणार नाही?

सांधा का बिघडतो?

पहिले कारण म्हणजे धातूवरची साय. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो. आतला धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, तर हा थर वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. खालचे पाणी झाले तरी वरची साय तशीच राहते. ती घासून काढली नाही तर सांध्यात अडकते आणि सांधा कच्चा राहतो.

दुसरे कारण ओलावा आणि तेल. त्यांच्यातून हायड्रोजन वायू सुटतो. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हा वायू जितका मावतो, त्याच्या सुमारे विसावा हिस्साच घट्ट झालेल्या धातूत मावतो. उरलेला वायू बाहेर पडू पाहतो आणि वाटेतच अडकतो. इडलीला जाळी पडावी तशी सांध्याला आतून जाळी पडते. पावसाळ्यात हा त्रास वाढतो, हे कारागिरांना अनुभवाने ठाऊक आहे.

तिसरे कारण उष्णता. साध्या पोलादापेक्षा अ‍ॅल्युमिनियम चार ते पाच पट वेगाने उष्णता पळवते. म्हणून करंट जास्त द्यावा लागतो. शिवाय लोखंड तापले की लाल होते आणि कारागीर सावध होतो. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलताच वितळते. आता आहे म्हणेपर्यंत भोक पडते.

चौथे कारण आमच्या रुग्णाला नडले ते. ७०७५ थंड होताना एकदम घट्ट होत नाही. सुमारे ६३५ अंशांपासून ते सुमारे ४७७ अंशांपर्यंत ते अर्धवट घट्ट आणि अर्धवट पातळ असते. कणांच्या मधे पातळ धातूचा पापुद्रा राहतो. त्याच वेळी सगळा धातू आकसत असतो. हा ताण त्या पापुद्र्याला सोसत नाही आणि चीर पडते. २०२४ या मिश्रधातूचेही असेच आहे. विमानाच्या पंखांचे पत्रे पूर्वापार रिव्हेट मारून जोडतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. ६०६१ हा मिश्रधातू त्यामानाने गरीब स्वभावाचा. पण त्यालाही योग्य भरण-तार दिली नाही तर तो तडकतो.

पाचवे कारण डोळ्यांना दिसतच नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या धातूचे मुरलेले बळ निघून जाते. ६०६१ ची कठीण केलेली पाटी प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ३१० न्यूटन ताण सोसते. वेल्ड केल्यावर सांध्याजवळ जेमतेम १६५ चा भरवसा धरता येतो, म्हणजे निम्माच! सांधा दिसायला सुबक असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे इंचभर पट्टा दुबळा झालेला असतो.

ही गोष्ट वेल्डरइतकीच सर्वसामान्य वाचकांच्याही कामाची आहे. अ‍ॅल्युमिनियमची शिडी, सायकलची चौकट, चाकखुर्ची, वॉकर, कुबड्या या वस्तू तुटल्या की आपण जवळच्या शेडमध्ये नेऊन वेल्ड करून घेतो. चार पैसे वाचतात खरे. पण ज्या कुबडीवर म्हातारे आजोबा सगळा भार टाकणार, ती सांध्याजवळ निम्म्या ताकदीची झाली तर काय होईल? उतारवयात मांडीच्या हाडाचा खुबा मोडला तर त्याची किंमत कुबडीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी असते. शरीराचा भार ज्यावर पडतो अशी अ‍ॅल्युमिनियमची वस्तू तुटली तर ती बदलावी, जोडू नये.

डोळे आणि कातडी

आता वेल्डरच्या शरीराकडे वळू. ठिणगीच्या प्रखर प्रकाशात अतिनील किरण असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कामात आरगॉन वायू वापरतात, त्यामुळे हे किरण जास्त तीव्र असतात. त्यातून चकचकीत पत्रा आरशासारखा त्यांना परतवतो. हेल्मेटच्या खालून, बाजूने आणि मागच्या भिंतीवरूनसुद्धा ते डोळ्यांपर्यंत येतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची पेशींची साय त्यांनी होरपळते. मात्र ती होरपळ त्याच क्षणी कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, दुखणे सुरू होते. म्हणूनच संध्याकाळी हसत घरी गेलेला माणूस रात्री ओरडत उठतो.

शर्टाचे वरचे बटण उघडे ठेवून काम करणाऱ्यांच्या गळ्याखाली उन्हाने भाजल्यासारखा लाल त्रिकोण दिसतो, तोही याच किरणांचा प्रताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण या दोहोंचा समावेश मनुष्याला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारण ठरणाऱ्या गोष्टींत केला. धुराचा संबंध फुप्फुसाच्या आणि किरणांचा संबंध डोळ्याच्या कर्करोगाशी लावला आहे. याचा अर्थ प्रत्येक वेल्डरला कर्करोग होतो असा नाही. पण 'एवढ्याने काय होतंय' असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

न दिसणारा वायू : ओझोन

पृथ्वीभोवती असलेले ओझोनचे आवरण आपले रक्षण करते, हे शाळेतली मुलेही सांगतात. तोच ओझोन नाकातोंडात गेला तर विष आहे. अतिनील किरणांमुळे हवेतील प्राणवायूपासून तो तयार होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगमध्ये, विशेषतः मिग पद्धतीत, त्याचे प्रमाण बरेच असते. घसा कोरडा पडणे, खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे, डोके दुखणे ही त्याची लक्षणे. दम्याच्या रुग्णाला तर हमखास त्रास होतो. जड काम करणाऱ्यासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे फक्त पाच भाग एवढी कमी आहे. त्याला एक तिखट वास असतो, पण नाक त्या वासाला लवकरच सरावते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नये.

येथे एक मजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ५३५६ या तारेत सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम असते. तिचा धूर जास्त दिसतो. ४०४३ या तारेत सुमारे पाच टक्के सिलिकॉन असते आणि धूर कमी. म्हणून ४०४३ सुरक्षित, असा कारागिरांचा समज होतो. प्रत्यक्षात ओझोन तिच्यातच जास्त बनतो. थोडक्यात सांगायचे तर, धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत म्हणता येत नाही. धुराच्या लोटापासून तोंड बाजूला घेतले की झाले, हेही पुरेसे नाही, कारण ओझोन ठिणगीपासून दूरच्या हवेतही तयार होतो.

७००० मालिकेतील जस्ताची वाफ हा आणखी एक त्रास. जस्ताच्या धुराने चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. दोन दिवसांत तो उतरतो. पुष्कळदा त्याला मलेरिया समजून औषधे घेतली जातात. अशा वेळी आपण कोणत्या धातूवर काम केले ते डॉक्टरांना न विसरता सांगावे.

साफसफाईतला धोका

सांध्याला जाळी पडू नये म्हणून पाटी स्वच्छ करणे भागच आहे. पण कशाने? तेल काढण्यासाठी काही ठिकाणी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरिनयुक्त द्रावणे वापरतात. त्यांची वाफ ठिणगीजवळ गेली की उष्णतेने आणि अतिनील किरणांनी तिच्यातून फॉसजीन नावाचा वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारण्यासाठी वापरला गेला तोच हा वायू! तो श्वासात गेल्यावर सुरुवातीला किरकोळ खोकला येतो आणि माणसाला बरेही वाटते. पुढे काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरते. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांतही अशी द्रावणे असतात. वेल्डिंगच्या शेडमध्ये त्यांना थाराच देऊ नये. अ‍ॅसिटोनने पुसावे, ते पूर्ण उडून जाऊ द्यावे, बाटली व बोळे दूर न्यावेत आणि मगच ठिणगी पाडावी, कारण अ‍ॅसिटोन पेट घेते.

कॉस्टिक सोड्याने पाटी धुतात तेथे हातमोजे आणि बंद चष्मा हवाच. सोड्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास डॉक्टरकडे धावण्यापूर्वी जागच्या जागी निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

टाकीत उतरताना

टँकरच्या किंवा टाकीच्या आत वेल्डिंग करताना सर्वांत मोठे भय आरगॉनचे. हा वायू विषारी नाही, त्याला रंग नाही, वास नाही. पण तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्यामुळे तळाशी साचतो आणि प्राणवायूला वर ढकलतो. अशा हवेत गुदमरल्याची जाणीवही होत नाही, दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. मग बाहेरचा सोबती त्याला काढायला आत उडी घेतो आणि तोही पडतो. एकाच टाकीत दोघे-तिघे दगावतात ते असे. सोबती पडला तर पळत आत जाणे ही माया नव्हे, तो दुसरा अपघात होय. आधी हवा सोडावी, मदत बोलवावी आणि बाहेरून दोराने ओढून काढावे.

पुढील काळजी घ्यावी

१. धातूचा क्रमांक विचारल्याशिवाय काम घेऊ नये. भंगारातील अनोळखी पाटीवर भाराचा सांधा करू नये. २०२४ व ७०७५ साठी नटबोल्ट किंवा रिव्हेट हाच मार्ग. एक नकार दिला तर सहा वेळचा धूर वाचतो.

२. अ‍ॅल्युमिनियमसाठी स्टेनलेस स्टीलचा वेगळा ब्रश ठेवावा. तेल आधी काढावे, मग ब्रश मारावा आणि लगेच वेल्डिंग करावे. तार उघडी टाकू नये.

३. हेल्मेटची काच करंटनुसार साधारणपणे ११ ते १३ क्रमांकाची असावी. आत पॉलिकार्बोनेटचा साधा चष्मा घालावा. हेल्मेट उचलल्यावर तोच डोळे राखतो. छोट्या टाक्यालाही हेल्मेट खालीच ठेवावे.

४. मदतनीस, शेजारचा फिटर, चहा घेऊन येणारा पोरगा यांचेही डोळे तेवढेच मोलाचे. कामाभोवती पडदा लावावा. भिंतीला मंद, न चकाकणारा रंग द्यावा.

५. पूर्ण बाह्यांचा, गडद रंगाचा, जाड सुती शर्ट घालावा व गळ्याचे बटण लावावे. नायलॉन-टेरिकॉट नको.

६. धूर ओढून घेणारा पंखा किंवा नळी सांध्याच्या बाजूला, वीतभर-दीड वीत अंतरावर ठेवावी. समोरून जोराचा पंखा लावल्यास आरगॉन उडून जातो व सांधा काळा पडतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूर अडवत नाही. कणांसाठीचा मास्क धूर अडवतो, पण ओझोन अडवत नाही. त्यासाठी हवा खेळती राहणे आणि कोळशाचा थर असलेला मास्क या दोन गोष्टी लागतात.

७. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम हा किरणोत्सारी पदार्थ असतो. तिला धार लावताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. शक्यतो थोरियम नसलेली दुसरी कांडी वापरावी.

८. तापलेल्या तुकड्यावर खडूने 'गरम' असे लिहावे. अ‍ॅल्युमिनियम गरम असो वा गार, दिसायला सारखेच.

९. लोखंड घासलेल्या ग्राइंडरवर अ‍ॅल्युमिनियम घासू नये. त्याची बारीक धूळ स्फोटक असते. ती पेटल्यास पाणी न मारता कोरडी वाळू टाकावी.

१०. टाकीत काम असेल तर सिलिंडर बाहेर ठेवावा, आत ताजी हवा सतत सोडावी, प्राणवायू मोजावा आणि तो १९.५ टक्क्यांहून कमी असल्यास आत जाऊ नये. बाहेर एक माणूस पूर्ण वेळ हवाच. हवेऐवजी सिलिंडरमधला प्राणवायू आत सोडू नये, कपडे भडकतात.

११. छातीत पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज वेल्डिंगजवळ जाऊ नये.

डोळ्यांना 'वेल्डिंग लागली' तर

आपल्याकडे बटाट्याची चकती, दूध, गुलाबपाणी, मध, नाना उपाय चालतात. होरपळलेल्या डोळ्यात यातले काहीही घालू नये. जंतुसंसर्ग झाला तर साधे दुखणे गंभीर होते. डोळे मिटून पापण्यांवर स्वच्छ, गार, ओला कपडा ठेवावा. अंधाऱ्या खोलीत पडून राहावे. डोळे चोळू नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढावी. डॉक्टरांकडून मलम व वेदनाशामक गोळी घ्यावी. बहुतेक रुग्ण एक ते दोन दिवसांत बरे होतात.

एक सूचना कळकळीची. डोळा बधिर करणारे थेंब काही कारागीर दुकानातून आणून खिशात बाळगतात. थेंब टाकताच दुखणे थांबते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पण हे थेंब वारंवार टाकल्यास बुबुळाची जखम भरत नाही, उलट ती चिघळून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. ते थेंब तपासणीसाठी डॉक्टरांनीच वापरायचे असतात. दोन दिवसांनंतरही दुखत असेल, एकाच डोळ्यात खुपत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ग्राइंडरचा कण रुतलेला असू शकतो.

वेल्डिंगनंतर काही तासांनी दम लागू लागला तर मात्र सकाळची वाट पाहू नये. थेट रुग्णालयात जावे आणि कोणता धातू, कोणते द्रावण, बंद जागा होती की उघडी, हे सर्व सांगावे.

मेंदूवर परिणाम होतो का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. अनेक वर्षे अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग करणाऱ्यांच्या शरीरात हा धातू साठतो आणि काम थांबवल्यानंतरही तो बराच काळ लघवीवाटे बाहेर पडत राहतो. फार धुरात राबलेल्या काही वेल्डरांत स्मरणशक्ती व एकाग्रता किंचित कमी आढळल्याचे काही अभ्यास सांगतात, तर इतरांत तसे दिसले नाही. अल्झायमर या विसरण्याच्या रोगाचे कारण अ‍ॅल्युमिनियम आहे असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा घाबरून जाऊ नये, पण धूर कमी करावा. हा धातू मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने हे काम टाळलेलेच बरे. वर्षातून एकदा डोळे आणि फुप्फुसांची क्षमता तपासून घ्यावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्या वेल्डरने तर ती आजच सोडावी.

१९९१ साली इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत एक नवी पद्धत शोधली गेली. तिच्यात ठिणगीच नाही. गरगर फिरणारे हत्यार दोन पाट्यांच्या फटीत घुसवून धातू न वितळवता, कणकेसारखा मळून जोडतात. धातू वितळत नाही म्हणून ती तडक नाही. ठिणगी नाही म्हणून किरण नाहीत, ओझोन नाही. ७०७५ सारखा हट्टी धातूही तिने जोडता येतो. पुढे अमेरिकेच्या अंतराळयानांच्या इंधनटाक्या या पद्धतीने जोडल्या गेल्या. मात्र तिची यंत्रे महाग आणि अवजड. आपल्या छोट्या शेडमध्ये अजून बराच काळ ठिणगीच पडणार आणि तिच्यासमोर आपला माणूसच उभा राहणार.

वाचकहो, त्या निदेशकांचे एक वाक्य माझ्या लक्षात राहिले. ते म्हणाले, "डॉक्टर, जो वेल्डर पाटी पुसतो, तार झाकतो आणि धातू विचारतो, तो तुमच्याकडे कमी येईल." विचार केला तर खरे आहे. घाणेरड्या पाटीतूनच जाळी पडते आणि घाणेरड्या पाटीतूनच विषारी वाफ निघते. चुकीच्या धातूमुळे सांधा तडकतो आणि तडकलेल्या सांध्यामुळे काम पुन्हा पुन्हा करून शरीर झिजते. सांध्याची काळजी आणि सांधणाऱ्याची काळजी या दोन निराळ्या गोष्टी नाहीतच.

आमच्या रुग्णाचे काय झाले? त्याने ते ब्रॅकेट चार बोल्ट लावून बसवून दिले. मालकाने वेल्डिंगची मजुरी कापली म्हणून तो थोडा नाराज होता. त्याची पत्नी मात्र समाधानी दिसली. "चार पैसे कमी आले तर चालतील डॉक्टर, पण ह्यांचे डोळे शाबूत पाहिजेत," ती म्हणाली. कारखान्याच्या मालकमंडळींनीही हे वाक्य वाचावे, अशी विनंती आहे. चांगले हेल्मेट, धूर ओढणारा पंखा आणि एक पडदा यांचा खर्च एकदाच होतो. गेलेली नजर मात्र कोणत्याही भरपाईने परत येत नाही.